जाता जाता दोन शब्द लिहून जा

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २

परीक्षेचे दिवस जवळ आले की आपल्या महाविद्यालयात तीन गोष्टी हमखास घडतात. स्नेहसंमेलनाचा मांडव निघतो, अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना निरोप दिला जातो, आणि त्याच सुमारास वर्गातून एक कागद फिरतो. त्या कागदाला कोणी ‘फीडबॅक फॉर्म’ म्हणतात, कोणी ‘अभिप्राय पत्रिका’. अलीकडे तो पुष्कळदा मोबाईलवरच येतो. पहिल्या दोन गोष्टींची चर्चा वर्षभर पुरते. निरोपाच्या दिवशी कोण रडले, कोणी कोणते गाणे म्हटले, कोणाच्या भाषणाला टाळ्या पडल्या, हे सर्वांना पाठ असते. तिसऱ्या गोष्टीची मात्र कोणालाच आठवण राहत नाही. पाच मिनिटांत तो कागद भरला जातो. भरला कसला, उरकला जातो. एकाने ‘अतिशय चांगले’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा केल्या की बाकावरचे उरलेले दोघे त्याचीच नक्कल करतात. परीक्षेत नक्कल केली तर गुन्हा होतो. येथे मात्र ती कोणालाच खटकत नाही.

मला या तिसऱ्या गोष्टीबद्दल चार शब्द लिहायचे आहेत.

कोणी म्हणेल, हा लहान तोंडी मोठा घास झाला. मी दुसऱ्या वर्षात शिकते. तो कागद मुख्यतः भरायचा आहे अंतिम वर्षाच्या ताई-दादांनी. मग मी मध्ये बोलणारी कोण? याचे उत्तर अगदी सोपे आहे. तुम्ही ज्या बाकांवरून उठणार, त्याच बाकांवर पुढच्या वर्षी आम्ही बसणार आहोत. तुम्हाला जे तीन वर्षे खुपले आणि तुम्ही न बोलता सोडून दिले, ते आमच्या वाट्याला जसेच्या तसे येणार. आणि तुम्हाला ज्या गोष्टीने खरोखर घडविले, पण जिचा तुम्ही कुठे उल्लेख केला नाही, ती उद्या निरुपयोगी म्हणून बंदही पडू शकेल. म्हणून तुमच्या अभिप्रायाशी सर्वांत जवळचा संबंध कोणाचा असेल, तर तो आमचाच आहे.

आमच्या घाटाखालच्या गावांत मृगाच्या तोंडावर एक प्रश्न घरोघर ऐकू येतो : “गेल्या साली कोणतं बियाणं पेरलं होतं? उगवलं का बराबर?” हा प्रश्न विचारायला कोणी अधिकारी यावा लागत नाही. पारावर, किराणा दुकानात, एस. टी. मध्ये शेजारी बसलेल्या माणसालाही तो विचारला जातो. आणि ज्याने पेरले, ज्याने पीक काढले, तो खरे ते सांगतो. पिशवीवर चित्र छान होते पण शेंगाच भरल्या नाहीत, असेही सांगतो. आणि उतारा चांगला आला, बेलाशक पेर, असेही सांगतो. सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा? काहीच नाही. त्याचे पीक घरात आलेले असते किंवा बुडालेले असते. तरीही तो सांगतो, कारण शेजाऱ्याचे साल वाया जाऊ नये अशी त्याची इच्छा असते.

२०२० च्या खरिपात महाराष्ट्रात ठिकठिकाणी सोयाबीनचे बियाणे उगवलेच नाही. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. ज्यांनी लेखी तक्रारी केल्या, त्यांच्या शेतात पंचनामे झाले. जे कपाळाला हात लावून घरी बसले, त्यांचे नुकसान कोणत्याच कागदावर आले नाही. पदवीची तीन वर्षे हेही एक पीकच नाही का? त्यात आईबापाचा पैसा पेरलेला असतो, आपले वय पेरलेले असते. मग बियाण्याबद्दल इतके स्पष्ट बोलणारे आपण, शिक्षणाबद्दल विचारले की ‘अतिशय चांगले’ एवढीच खूण करून का उठतो?

माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. ज्या घरात काका पदवीधर आहेत किंवा आत्या शिक्षिका आहे, त्या घरातल्या मुलाला कोणता विषय घ्यावा, कोणते पुस्तक आधी वाचावे, कोणत्या परीक्षेचा अर्ज केव्हा निघतो, हे जेवताना आपोआप कळते. आमच्या घरी हे सांगणार कोण? माझे वडील मला एकच विचारतात : “तिथं शिकवतात ते कामाचं हाय का?” या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता येत नाही, कारण मी अर्ध्या वाटेवर आहे. ते उत्तर द्यायला सर्वांत योग्य माणूस म्हणजे ज्याने सारी वाट चालून पाहिली तो अंतिम वर्षाचा विद्यार्थी. शिकलेल्या घरांतून जे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाते, ते आमच्यासारख्यांकडे मोठ्या वर्गाकडून धाकट्या वर्गाकडेच यायला हवे. अभिप्रायाचा कागद ही त्याची एक वाट आहे.

शिक्षणाबद्दल अभिप्राय देणे हे परदेशातून आलेले नवे फॅड आहे, असा काहींचा समज आहे. तो खरा नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले लेखी निवेदन दिले. माझ्या मते महाराष्ट्रातील शिक्षणावरचा तो एक मोठा अभिप्रायच होता. जोतीराव काही सरकारी शिक्षणाधिकारी नव्हते. पण शाळा त्यांनी स्वतः काढल्या होत्या, चालविल्या होत्या, आणि कोण शाळेत येऊ शकतो व कोण बाहेर राहतो हे रोज डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी मोघम काही लिहिले नाही. रयतेच्या घामातून जो पैसा सरकारकडे जमा होतो, तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी रोखठोक सांगितले. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, शिक्षक शिकवण्याच्या कामात तयार झालेले असावेत व शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, त्यांना दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, आणि अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असे त्यांनी मांडले. त्यातल्या किती गोष्टी सरकारने लगेच ऐकल्या? फारच थोड्या. पण आज जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही तो कागद आपण वाचतो. कारण त्यात ‘अतिशय चांगले’ नव्हते, काय हवे ते होते.

आपले विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. त्याआधी आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे या विद्यापीठात येतात, आणि त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचे. गाडगेबाबांचे कीर्तन कसे असे, हे आपल्या आजोबांच्या पिढीने सांगितलेले आहे. ते नुसते सांगत नसत, विचारत असत. समोरच्या माणसांना वऱ्हाडी बोलीत साधे साधे प्रश्न करायचे, लोकांकडून उत्तर काढून घ्यायचे, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा. श्रोत्याने तोंड उघडल्याशिवाय ते कीर्तन पुढे सरकत नसे. ज्या विद्यापीठाला अशा कीर्तनकाराचे नाव आहे, त्या विद्यापीठाच्या वर्गात श्रोता तीन वर्षे गप्प बसून निघून जावा, हे काही शोभणारे नाही.

आता या कागदामागे काय व्यवस्था आहे तेही थोडे पाहू. पुष्कळांना वाटते, की कॉलेजला काहीतरी दाखवायचे असते म्हणून हे भरून घेतात. त्यात तथ्य नाही असे नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली, तिचे मुख्यालय बंगलोरला आहे. विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी यांच्याकडून अभिप्राय घेतले का, त्यांचे विश्लेषण केले का, आणि पुढे त्यावर काय कृती केली, असे तिने महाविद्यालयांना विचारले. २०१७ मध्ये आलेल्या पद्धतीत तिने आणखी एक पाऊल टाकले. ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ म्हणून एक प्रश्नावली थेट विद्यार्थ्यांच्या ई-मेलवर पाठवण्याची व्यवस्था केली. त्यात पहिलाच प्रश्न होता, की वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला. शेवटच्या, एकविसाव्या प्रश्नात खुणा करायच्या नव्हत्या. आपल्या शब्दांत तीन सूचना लिहायच्या होत्या. महाविद्यालयाच्या एकूण विद्यार्थ्यांपैकी १० टक्के किंवा १००, यांतील जी संख्या कमी असेल तितकी उत्तरे आली तरच ती धरली जात.

१० टक्के ही काय मोठी संख्या झाली? पण आपल्याकडे तीही जमवताना नाकी नऊ येतात. कारण आपला ई-मेल कोणी काढलेला असतो? शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तालुक्याच्या सायबर कॅफेवाल्याने. त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि तोही विसरलेला. देशाच्या मूल्यांकन संस्थेने आपल्याला विचारलेला प्रश्न अशा एखाद्या बेवारस पत्त्यावर पडून राहतो. माझी पहिली विनंती म्हणून अगदी साधी आहे : अंतिम वर्षाच्या प्रत्येकाने आपला ई-मेल स्वतः उघडता येतो की नाही, एवढे तरी पाहावे.

कायद्यानेही विद्यार्थ्याला थोडी जागा दिली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये अशी तरतूद आहे, की अभ्यासक्रम ठरविताना किंवा बदलताना अभ्यासमंडळाच्या बैठकीला त्या विषयात आदल्या वर्षी पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला चर्चेसाठी बोलवावे. ही तरतूद चांगली आहे. पण पहिला आलेला विद्यार्थी सगळ्यांच्या वतीने बोलू शकेल का? ज्याला इंग्रजीच्या पेपरात दोनदा अपयश आले, ज्याला दुपारनंतर शेतावर जावे लागते, त्याची अडचण पहिल्या आलेल्याला कशी कळणार? त्याच्यासाठी अभिप्रायाचा कागद हेच अभ्यासमंडळ आहे.

ब्रिटनमध्ये २००५ सालापासून पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचे देशव्यापी सर्वेक्षण दरवर्षी होते. त्याचे निष्कर्ष सर्वांसाठी प्रसिद्ध होतात, आणि नवे विद्यार्थी ते पाहून कुठे प्रवेश घ्यायचा हे ठरवितात. ज्या अभ्यासक्रमाच्या निम्म्या विद्यार्थ्यांनीही उत्तरे दिली नाहीत, त्याचे निष्कर्ष छापायचे नाहीत, असा तिथला नियम. २०१७ साली तेथील विद्यार्थी संघटनेने या सर्वेक्षणावर बहिष्कार पुकारला, कारण सरकार त्याची सांगड फीवाढीशी घालू पाहत होते. अनेक विद्यापीठांत निम्मी संख्या भरली नाही आणि निष्कर्ष छापता आले नाहीत. यात मला एक गंमत दिसते. तिथले विद्यार्थी न भरलेल्या कागदानेही सरकारला काही सांगू शकले, कारण भरलेल्या कागदाला तिथे किंमत होती. आपला कागद भरला काय आणि न भरला काय, कोणाला फरक पडत नाही. कारण आपणच त्याची किंमत शून्य करून ठेवली आहे.

माझ्या या म्हणण्यावर माझ्याच ओळखीच्या तिसऱ्या वर्षाच्या ताई-दादांनी तीन आक्षेप घेतले. त्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप भीतीचा. “अंतर्गत गुण सरांच्या हातात असतात. उद्या अक्षर ओळखलं तर?” ही भीती खोटी नाही, तिला हसूही नये. तिच्यावर उपाय मात्र आहे. अभिप्रायावर नाव मागू नये, आणि तो अंतर्गत गुण विद्यापीठाकडे गेल्यानंतरच घ्यावा. अंतिम सत्रात हे सहज जमण्यासारखे आहे. प्रथम वर्षाच्या मुलाला पुढे दोन वर्षे त्याच प्राध्यापकांपुढे बसायचे असते, तुम्हाला नाही. म्हणून तर हे ओझे मी तुमच्या खांद्यावर टाकते आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. “गुरुजनांच्या चुका काढणं बरं दिसत नाही.” आमच्या घरी मास्तरांचे नाव आदरानेच घेतले जाते, आणि तसेच घेतले जावे. पण अभिप्राय म्हणजे निंदा नव्हे. स्वयंपाकात मीठ कमी पडले हे आईला सांगितल्याने आईचा अपमान होत नाही. ती दुसऱ्या दिवशी अंदाज बदलते. काहीही न सांगता ताटावरून उठून जाणे हा मात्र अपमान होतो. चांगल्या प्राध्यापकाला वर्गाचे मौन बोचते. आपण समजावून दिलेले मुलांना कळले की नाही, हे त्यांना कोण सांगणार?

तिसरा आक्षेप सर्वांत खरा, आणि त्याचे उत्तर सर्वांत अवघड. “लिहून काय होते? कागद कपाटात जातात आणि नॅकची समिती आली की बाहेर निघतात.” पुष्कळ ठिकाणी असे होत असेलही. पण नेहमीच होते असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे शेवटचा तास आणि आमच्या मार्गावरची शेवटची एस. टी. यांची वेळ जुळत नव्हती. खेड्यावरच्या मुली तास अर्धा सोडून स्टँडकडे पळत. ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती, पण कागदावर नव्हती. तेव्हाच्या अंतिम वर्षाच्या काही मुलींनी ती अभिप्रायात लिहिली. नुसते ‘गैरसोय होते’ असे न लिहिता, कोणत्या वाराचा कोणता तास बुडतो आणि किती जणींचा, हे लिहिले. पुढच्या सत्रात वेळापत्रक वीस मिनिटांनी अलीकडे आले. त्या मुलींना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. त्या तेव्हा कॉलेज सोडून गेल्या होत्या. शेवटच्या तासाला शेवटपर्यंत बसते ती मी, आणि माझ्या गावच्या आणखी सहा जणी.

म्हणजे लिहिण्याने होते. पण कसे लिहिले यावर ते अवलंबून आहे. बियाण्याची तक्रार करायची तर पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि दुकानदाराची पावती जपून ठेवा, असे कृषी खाते सांगते. हाच नियम येथेही लावावा. ‘शिकवणे बरे नव्हते’ हे वाक्य हवेत विरून जाते. ‘चौथ्या सत्रात पाचपैकी दोनच घटक वर्गात झाले, उरलेले तीन गाईडवरून वाचावे लागले’ हे वाक्य कोणालाही टाळता येत नाही. ‘ग्रंथालय चांगले आहे’ यापेक्षा ‘संदर्भग्रंथ वाचायला मिळतात, पण घरी नेता येत नाहीत, आणि वाचनालय उघडते तेव्हा आमचे तास असतात’ हे जास्त उपयोगाचे. स्तुतीचेही तसेच. ज्या मॅडमनी उत्तरपत्रिका परत देताना प्रत्येकाला शेजारी उभे करून चूक समजावली, त्यांच्याबद्दल नेमके तेच लिहा. चांगली पद्धत टिकवायची असेल, तर ती चांगली आहे हे कोणीतरी सांगावे लागते.

आणि लिहिताना न्यायाने लिहावे. आज कित्येक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वर्ग सांभाळतात. त्यांना जेवढे तास तेवढेच मानधन. वर्षात दोनदा शिकवणारे बदलले, तर तो दोष त्या सरांचा नसतो, रिकाम्या जागेचा असतो. अभिप्रायात रिकामी जागा असेच लिहावे, सरांच्या नावाने खडे फोडू नयेत. तसेच माणसाच्या कपड्यांवर, आवाजावर, उच्चारांवर लिहू नये. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. एक शिक्षक आणि एक शिक्षिका इंटरनेटवरून शिकवत होते. विद्यार्थ्यांना ते दिसत नव्हते. काही गटांत दोघांनी आपापली नावे बदलली. तर ज्याला विद्यार्थी पुरुष समजत होते, त्याला जास्त गुण मिळाले, मग तो प्रत्यक्षात कोणीही असो. आपणही कागद भरताना आपल्या मनातला हा तराजू एकदा तपासून घ्यावा.

कोणी म्हणेल, आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे सारेच बदलत आहे, जुन्या अभ्यासक्रमावर लिहून काय उपयोग? महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या सत्रापासून नवा आराखडा आला, आणि आमची तुकडी त्यातलीच आहे. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्याचे विषय, प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, अशी पुष्कळ नवी नावे आली. पण अभ्यासक्रमाची नावे बदलली तरी वर्ग तेच, ग्रंथालय तेच, एस. टी. तीच. उलट नव्यात काय घालावे हे सांगण्याची हीच वेळ आहे.

एक उदाहरण देते. आपल्या जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. उल्का आदळून काळ्या बेसाल्ट खडकात तयार झालेले ते विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. जगभरचे शास्त्रज्ञ ते पाहायला येतात. २०२० मध्ये त्याला रामसर यादीत पाणथळ जागा म्हणून स्थान मिळाले. लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ आपण अभ्यासतो. त्यात लोणार आणि मेहकर ही दोन्ही गावे येतात. म्हणजे भूगोलाचा, मराठीचा, इतिहासाचा एकत्र प्रकल्प आपल्या दाराशी आहे. सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान आहे, खामगावला कापसाची जुनी बाजारपेठ आहे, शेगावला वर्षभर येणाऱ्या यात्रेकरूंची सारी व्यवस्था आहे. प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आम्ही कुठे घ्यावे हा प्रश्न उद्या येणारच. बाजार समितीत, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत, वृत्तपत्राच्या कार्यालयात की लोणारला वाटाड्याचे काम शिकून? हे ज्यांनी तीन वर्षे येथे काढली, ज्यांनी नोकरीसाठी अर्ज करून पाहिले, त्यांनी सांगितले तर उपयोगाचे. बाहेरगावच्या तज्ज्ञाला हे कसे सुचणार?

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा कागद तिसऱ्या वर्षाच्या शेवटी फिरतो, तेव्हा तो कोणाच्या हातात पडतो? जे तेथपर्यंत पोहोचले त्यांच्याच. माझ्याबरोबर प्रथम वर्षाला माझी एक मैत्रीण होती. तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. इंग्रजीच्या तासाला काही समजत नाही म्हणून ती आधी तास चुकवू लागली, मग कॉलेजच, आणि उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. तिला कोणी विचारले नाही, की तुला काय अवघड गेले. तिच्यासाठी कोणताही कागद निघत नाही. जो उत्तीर्ण होऊन बाहेर पडतो, त्याला ‘समाधानी आहात का’ असे विचारले, तर तो समाधानी असणारच. ज्याचे बियाणे उगवले नाही, तो बाजारात दिसतच नाही; म्हणून बाजारात सारे आबादीआबाद दिसते.

ताईंनो, दादांनो, तुमच्याही वर्गातून असे कितीतरी जण गेले असतील. प्रथम वर्षाच्या हजेरीपटावर किती नावे होती, आणि आज किती आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या गेलेल्यांचा अभिप्राय तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. तुम्ही लिहाल त्या तीन सूचनांतली एक तरी त्यांच्या नावाने असू द्या. ते कोणत्या सत्रात गेले, कशामुळे गेले, काय असते तर टिकले असते, एवढे लिहा.

महाविद्यालयालाही माझी नम्र विनंती आहे. हा कागद निरोपाच्या गडबडीत वाटू नये. त्यासाठी एक अख्खा तास द्यावा, आणि प्रश्न मराठीत असावेत. शेवटी चार ओळी मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे खुणा करून सुटका होणार नाही. आणि जूनमध्ये नव्या वर्षाच्या सुरुवातीला सूचना फलकावर एक कागद लावावा : गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी काय सांगितले, त्यातले काय केले, काय करता आले नाही आणि का. एवढे झाले तर पुढच्या वर्षी कोणी नक्कल करून फॉर्म उरकणार नाही, असा माझा विश्वास आहे. ज्याला उत्तर मिळते, तोच पुन्हा बोलतो.

या वर्षी निरोपाला गाणी होतील, भाषणे होतील, फोटो निघतील. ते व्हावेच. पण आम्हा धाकट्यांना भेट म्हणून काही द्यावे असे वाटले, तर त्या कागदावर दहा मिनिटे द्या. खरे लिहा, नेमके लिहा, आपल्या भाषेत लिहा. पुढच्या वर्षी तो कागद आमच्या हातात येईल, तेव्हा आम्हीही आमच्या मागच्यांसाठी तसेच लिहू.